एजंटसाठीचं डॉक्युमेंटेशन चांगलं आहे की नाही, हे वाचून कळत नाही

तुमच्या कंपनीत गोदाम आणि बिलिंगसाठी स्वतः बनवलेली आठ टूल्स, म्हणजे एकेक ठरावीक काम करणारे छोटे प्रोग्राम, आहेत. ती आता एआय एजंटच्या, म्हणजे सांगितलेलं काम टूल्स वापरून स्वतः पार पाडणाऱ्या एआयच्या, हाती द्यायची आहेत, आणि त्यांचं डॉक्युमेंटेशन एजंटला पुरेल इतकं चांगलं आहे का हे कसं तपासायचं, असा तुमचा प्रश्न आहे. वरिष्ठांना दहापैकी गुण हवेत. शिवाय मराठीत लिहिलं तर चालेल का आणि लिहायचं कुणी, हेही तुम्ही विचारलंय. सगळ्यांची उत्तरं देतो. गुणांचा विषय मात्र शेवटाकडे घेतो, कारण तो आधी घेतला की बाकीचं सगळं त्या आकड्याभोवतीच फिरायला लागतं.

मी नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये काम करतो. बरीच वर्षं माणसांसाठी मॅन्युअल लिहिली, आणि एजंट टूल्स वापरायला लागल्यापासून तेच काम त्यांच्यासाठी करतोय. आमचे ग्राहक म्हणजे कळमन्याचे अडते, ट्रान्सपोर्टवाले, कोल्ड स्टोरेजवाले. त्यामुळे उदाहरणं संत्र्याची आणि ट्रकची येतील.

आधी प्रश्नच जरा नीट मांडू या. डॉक्युमेंटेशन ‘चांगलं’ आहे का, या प्रश्नातून फारसं काही हाती लागत नाही. नवा माणूस कामाला लागला आणि त्याला एखादी गोष्ट कळली नाही, तर तो उठून शेजारच्या टेबलावर जातो. आपली सगळी मॅन्युअल वर्षानुवर्षं त्या शेजारच्या टेबलाच्या भरवशावर चालली. एजंटला ते टेबल नाही. माणूस अडला की विचारतो. एजंट अडला की बहुतेक वेळा अंदाज बांधतो आणि पुढे जातो, आणि अंदाजाने दिलेलं उत्तर खात्रीने दिलेल्या उत्तराइतकंच ठाम वाटतं. म्हणून मी प्रश्न असा विचारतो: हे डॉक्युमेंटेशन एजंटला कुठे-कुठे अंदाज बांधायला लावतं, आणि त्या प्रत्येक ठिकाणी अंदाज चुकला तर नुकसान किती? तपासणी करायची ती याची.

एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण माझी पद्धत त्यातूनच ठरली.

आमच्या एका टूलचं काम बाजारातली आवक सांगण्याचं. त्याला तीन गोष्टी, म्हणजे पॅरामीटर, द्यायच्या: फळ, बहर आणि वर्ष. वर्णन लिहिलं होतं, ‘निवडलेल्या बहराची वर्षनिहाय आवक देते.’ आम्ही तिघांनी ते वाचलं आणि पास केलं. स्वच्छ, छोटं वाक्य. आंबिया बहरावर चाचण्या घेतल्या, सगळ्या बरोबर आल्या. मग २०२५ च्या एप्रिलमध्ये कुणीतरी एजंटला विचारलं, ‘यंदाच्या मृगाची संत्रा आवक किती झाली?’ एजंटने वर्ष दिलं २०२५. टूलने रिकामी यादी परत केली. एजंटने उत्तर लिहिलं की यंदा मृग बहराची आवक नोंदलेली नाही, आणि वर स्वतःच्या मनाने कारणही जोडलं की पाऊस लांबल्यामुळे बहर आला नसावा.

गोम अशी की आंबिया बहर जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि त्याच वर्षी दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येतो. फुलाचं वर्ष आणि फळाचं वर्ष एकच. मृग बहर जून-जुलैत फुलतो आणि फळ येतं पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. आमच्या डेटाबेसमधल्या तक्त्यात वर्ष फुलाचं होतं, म्हणजे २०२४. आंबियाच्या हजार चाचण्या घेतल्या असत्या तरी ही चूक सापडली नसती. मी हे आमच्या एका ग्राहकाच्या अडत दुकानातल्या दिवाणजींना सांगितलं तर ते म्हणाले, ‘साल फुलावरून धरतो नं जी आम्ही, हे तं सगळ्यालेच माहीत आहे.’ अगदी खरं होतं त्यांचं. सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कुणी लिहिलं नव्हतं.

दुरुस्तीला दोन वाक्यं लागली. ‘वर्ष’ या पॅरामीटरच्या वर्णनात लिहिलं: ‘बहर फुलल्याचं वर्ष द्या, तोडणीचं नव्हे, फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये बाजारात आलेल्या मृग बहरासाठी २०२४.’ आणि टूल रिकामी यादी परत करतं तिथे एक ओळ जोडली: ‘या वर्षासाठी नोंद नाही; मृग बहर असल्यास आधीचं वर्ष तपासा.’ दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. टूलकडून परत येणारा मजकूर, मग ती एरर असो की रिकामी यादी, हेही डॉक्युमेंटेशनच आहे. आणि एजंट ते नेमकं गरजेच्या क्षणी वाचतो.

आता तपासायचं कसं ते.

पंचवीस-तीस खरी कामं गोळा करा. मॅन्युअल समोर ठेवून कामं लिहू नका. तसं केलं की तुमच्या वाक्यात आपोआप मॅन्युअलचेच शब्द येतात आणि परीक्षा सोपी होते. लोक प्रत्यक्षात जसं मागतात तशी कामं घ्या: ‘कालच्या त्या वर्धेच्या गाडीचं बिल झालं का?’ असं अर्धवट, संदर्भ गाळलेलं. दोन-तीन कामं अशीही घ्या की जी तुमच्या कोणत्याच टूलने होत नाहीत. एजंट ‘हे मला करता येत नाही’ म्हणतो की जवळपासचं काहीतरी करून मोकळा होतो, ते तिथे दिसतं.

मग चाचणीचा डेटाबेस घ्या, एजंटला फक्त टूल्स आणि त्यांचं डॉक्युमेंटेशन द्या, सोर्स कोड देऊ नका, आणि प्रत्येक काम नव्या संवादात पाच वेळा करून घ्या. पाच वेळा का, तर तेच काम तोच एजंट एकदा बरोबर करतो आणि एकदा चुकवतो. पाचातून चार वेळा जमणारं काम मी ‘जमतं’ म्हणून धरत नाही. गणित साधं आहे: एका वेळी ९० टक्के खात्री असेल तर सलग पाचही वेळा बरोबर येण्याची शक्यता ५९ टक्क्यांवर येते. २०२४ मध्ये आलेल्या टाऊ-बेंच या कसोटीनेही हाच मुद्दा धरला, की एजंटला एकदा जमलं एवढ्यावर न थांबता दर वेळी जमतं का ते मोजायचं. बिलिंगला तेच लागतं.

निकाल ठरवताना एजंट काय म्हणतो याकडे जाऊ नका, डेटाबेसमध्ये शेवटी काय उरलं ते बघा. ‘बिल रद्द केलं आहे’ असं वाक्य आलं आणि बिल जागच्या जागी होतं, असं मी अनेकदा पाहिलंय.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि सगळं मोल त्यातच आहे: लॉग, म्हणजे एजंटच्या प्रत्येक पावलाची नोंद, वाचणं. प्रत्येक रनमध्ये, म्हणजे काम करून घेतलं त्या प्रत्येक वेळी, एजंटने कोणतं टूल निवडलं, कोणती मूल्यं दिली, परत काय आलं आणि त्याने त्याचा काय अर्थ लावला, हे ओळीओळीने वाचायचं. चूक दिसली की मी विचारतो, हा अंदाज त्याला का बांधावा लागला? टूलच चुकीचं निवडलं असेल तर दोन टूल्सची वर्णनं एकमेकांसारखी आहेत. टूल बरोबर पण मूल्य चुकलं असेल तर एकक, तारीख किंवा सांकेतिक नावाचा घोळ आहे. दोन्ही बरोबर पण अर्थ चुकीचा लावला असेल तर परत येणाऱ्या माहितीचं वर्णन अपुरं आहे. आणि बरोबर आलेले रनही वाचा. त्यातले काही नशिबाने बरोबर आलेले असतात: एजंटने वजन किलोत दिलं, तुम्हालाही किलोच हवं होतं, पण तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. अशा ठिकाणीही मी खूण करतो. उद्या कुणी क्विंटलमध्ये विचारलं की तिथे शंभर पटीची चूक होणार आहे.

अजून एक चाचणी, जी फार कमी लोक करतात. डॉक्युमेंटेशन काढून टाका, फक्त टूल आणि पॅरामीटरची नावं राहू द्या, आणि तीच कामं पुन्हा करून घ्या. निकाल तेच आले तर तुमचं लिखाण काहीच काम करत नाहीये, नावांवरूनच भागतंय. आमच्या एका टूलचं दीड पानाचं वर्णन असं निरुपयोगी निघालं. ते आम्ही चार ओळींवर आणलं, काही बिघडलं नाही. वर्णन छोटं असण्याला किंमत आहे, कारण जोडलेल्या सगळ्या टूल्सची वर्णनं सहसा प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे, म्हणजे एजंट ज्यावर चालतो त्या एआयकडे, जातात. टोकनचा, म्हणजे मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं त्यांचा, खर्च वाढतो हे एक, आणि लांबलचक मजकुरात मधोमध दडलेली महत्त्वाची अट नजरेतून सुटते हे दुसरं.

लॉग वाचायला लागल्यावर तुम्हाला काय-काय सापडेल, ते माझ्या अनुभवावरून सांगतो. तारखा हमखास. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? त्याहून फसवी चूक वेळेची. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, असेल, तर आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या काळातल्या नोंदींवर आदल्या दिवसाची तारीख पडते. दिवसा चालणाऱ्या ऑफिसला हे कधी कळतही नाही. पण रात्रीतून गाड्या येतात अशा ठिकाणी पहाटे चार चाळीसला काट्यावर चढलेला ट्रक ‘कालच्या आवकेत’ जातो. तुमच्या गोदामात रात्रपाळी असेल तर हे आधी तपासा.

दुसरी म्हणजे पानं. टूल एका वेळी पन्नास नोंदी देतं आणि तसं सांगत नाही. एजंट त्या पन्नासांची बेरीज करून ‘एकूण’ म्हणून सांगतो. उत्तर दिसायला अगदी व्यवस्थित असतं. परत येणाऱ्या माहितीतच ‘३१२ पैकी ५० दाखवल्या, पुढच्यासाठी पान २ मागा’ असं आलं पाहिजे.

तिसरी, पुन्हा केलं तर काय होईल. नेटवर्क अडखळलं, उत्तर आलं नाही, एजंटने तेच बिल पुन्हा पाठवलं. आता एक बिल झालं की दोन? माणूस स्क्रीन बघून ठरवतो. एजंटला ते लिहूनच सांगावं लागतं, आणि लिहिण्याइतकंच टूलमध्ये विनंतीचा क्रमांक घेऊन दुबार नोंद अडवणंही गरजेचं आहे. इथे शब्दांवर भिस्त ठेवू नका. अँथ्रॉपिकने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलेलं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, ही एजंटला टूल्स जोडण्याची पद्धत तुम्ही वापरत असाल, तर मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून त्यात टूलवर खुणा करता येतात: हे फक्त वाचतं, हे काही पुसून टाकू शकतं, हे पुन्हा चालवलं तरी फरक पडत नाही. त्या जरूर भरा. पण त्या सूचना आहेत, कुलूप नव्हे. पैसे आणि माल हलवणाऱ्या टूलचं कुलूप सर्व्हरवरच हवं.

एररबद्दल मी हट्टी आहे. ‘विनंती अवैध’ एवढंच सांगणारी एरर म्हणजे एजंटला पुन्हा अंदाज बांधायला दिलेलं आमंत्रण आहे. ‘वजन किलोमध्ये, फक्त आकडा द्या; मिळालं “१२ क्विंटल”’ असं सांगितलं की पुढच्याच प्रयत्नात तो १२०० पाठवतो. एखाद्या नव्या टूलवर मला अर्धाच दिवस मिळाला, तर मी तो वर्णनं सोडून एररच्या मजकुरावर घालवतो.

आता परिस्थितीनुसार काय बदलतं ते. तुमची टूल्स फक्त माहिती वाचणारी असतील आणि उत्तर माणूस बघणार असेल, तर एवढी कडक परीक्षा नको. दहा-बारा कामं पुरतील. टूल लिहितं, पुसतं, पैसे हलवतं, तर वरचं सगळं करा. आठ टूल्स ही आटोपशीर संख्या आहे. चाळीस असती तर मी आधी टूल्सच कमी करायला सांगितलं असतं, कारण एकसारख्या टूल्समधला गोंधळ कितीही लिहून मिटत नाही. मॉडेलवरही बरंच अवलंबून असतं. मोठं मॉडेल तुमची राहिलेली पोकळी झाकून घेतं, म्हणून मी एकदा छोट्या, स्वस्त मॉडेलवर चाचणी घेतोच. पोकळ्या तिथे लगेच उघड्या पडतात. आणि मॉडेल बदललं की चाचणी नव्याने घ्यायची, याला पर्याय नाही.

तुमची टूल्स घरची आहेत हे या बाबतीत एका अर्थी बरंच आहे. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटसारखी जगभर वापरली जाणारी साधनं मॉडेलला डॉक्युमेंटेशन न देताही येतात, त्यामुळे तिथे लिखाणाची परीक्षा घेणं अवघड जातं. उलट जुनी सवय आड येते. पायडँटिक ही पायथनची लायब्ररी २०२३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीवर गेली, तिथे पूर्वीच्या ‘डिक्ट’ या फंक्शनची जागा ‘मॉडेल डम्प’ने घेतली, मॉडेलच्या वाचनात जुना कोड भरपूर असल्याने त्याचा हात सवयीने जुन्याकडे जातो. तुम्ही अशा लायब्ररीवर टूल बांधलं असेल तर ‘आवृत्ती कोणती आणि जुन्यातलं काय वापरायचं नाही’ हे पहिल्याच ओळीत लिहा.

काही जण एजंटलाच डॉक्युमेंटेशन वाचायला देऊन ‘दहापैकी गुण दे’ म्हणतात. मी करून पाहिलंय. लांबी, मथळे आणि टापटिपीला भरघोस गुण मिळतात. मृग बहराचं ते वाक्य त्याच्यापुढे ठेवलं तर ‘स्पष्ट आणि नेमकं’ असा शेरा आला. तसंच साइटवर एलएलएम्स डॉट टीएक्सटी ही फाइल आहे म्हणजे काम झालं, असंही धरू नका. जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये मांडलेली ती कल्पना चांगली आहे. कुठे काय वाचायचं याचा रस्ता ती दाखवते. पोहोचल्यावर काय सापडतं, हा वेगळा प्रश्न आहे.

मराठीचं. वर्णनं मराठीत लिहिली तर आजची चांगली मॉडेल्स ती समजतात, हा माझा रोजचा अनुभव आहे. मात्र तोच मजकूर देवनागरीत सहसा जास्त टोकन खातो, आणि पॅरामीटरची नावं बहुतेक इंग्रजीच असतात. आम्ही वर्णनं साध्या इंग्रजीत ठेवतो, पण शब्दार्थांची एक छोटी यादी मराठीत जोडतो. आवक, अडत, हमाली, तोलाई, काटा या शब्दांचा तुमच्या टूलमधल्या कोणत्या रकान्याशी संबंध आहे, ते त्यात असतं. हमाली आणि तोलाई या दोन वेगळ्या कपाती आहेत हे एजंटला सांगितलं नाही, तर तो दोन्ही ‘मजुरी’त टाकून देतो. एकाच गोष्टीची अनेक रूपंही लिहा: संत्रा, संत्री, ऑरेंज, मँडरिन, कळमना, कळमणा. तुमची माणसं ज्या भाषेत मागणी करतात, कामांची यादी त्याच भाषेत असली पाहिजे, एवढी अट मात्र सोडू नका.

गुणांकडे येतो. एक आकडा द्यायचाच असेल, तर तीसपैकी किती कामं पाचही वेळा बरोबर झाली, तो द्या. त्याच्या शेजारी, जिथे अंदाज बांधावा लागतो अशा किती जागा उरल्या आणि त्यातल्या किती पैशाला किंवा मालाला धक्का लावतात, ते लिहा. ‘तीसपैकी एकवीस, अंदाजाच्या जागा चौदा, त्यातल्या तीन बिलिंगमध्ये’ हे वाक्य वरिष्ठांना दहापैकी सातपेक्षा लवकर कळतं, आणि पुढच्या आठवड्यात काय करायचं तेही त्यातच आलं. दुरुस्त्या करताना एका वेळी एकच बदल करा, आणि सात-आठ कामं बाजूला झाकून ठेवा, ज्यांच्याकडे बघून तुम्ही काहीही सुधारणार नाही. नाहीतर डॉक्युमेंटेशन परीक्षेपुरतं घोटलेलं होतं. आठ टूल्सचा पहिला फेरा दोन माणसांना साधारण आठवडाभर पुरतो, त्यातले तीन दिवस लॉग वाचण्यात जातात.

आणि लिहायचं कुणी? टूल बनवणाऱ्याने एकट्याने नाही, कारण त्याला सगळं माहीत असतं आणि म्हणूनच सुटतं. आमच्याकडे सपोर्टचे फोन घेणाऱ्या एक ताई आहेत. त्या एक वही ठेवतात: कुणाचा फोन आला, त्याने कोणत्या शब्दांत विचारलं, आणि शेवटी घोळ कुठे निघाला. आमच्या पहिल्या तीस कामांपैकी बावीस त्या वहीतून आली, आणि आता कोणतंही वर्णन त्यांनी वाचून ‘यावर मला फोन येईल’ किंवा ‘येणार नाही’ असं सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. डेव्हलपर त्यांच्या शेजारी बसतो आणि लिहितो. तुमच्याकडे असं माणूस नक्की असेल. वही नसेल तर त्यांच्या फोनमधले गेल्या महिन्याचे मेसेज घ्या, नावं-नंबर काढून टाका, आणि पहिली तीस कामं चुका न सुधारता जशीच्या तशी उतरवून काढा.